बुजवायला हरकत नाही

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी होरिई तोशिहारू गुडघाभर चिखलात उभा राहून बोरू, म्हणजे काठाचं उंच पोकळ गवत, तोडत होता. फेब्रुवारीतला शेवटचा बुधवार होता. बिवा सरोवराच्या पूर्वेकडच्या त्या उथळ पाण्यावर रात्रीत पातळ बर्फ धरला होता आणि त्याच्या रबरी बुटांभोवती तो करकरत मोडत होता. कामाला बोरू दोनच लागतात. तोशिहारू पाच तोडतो, सरळ असतील ते दोन निवडतो आणि उरलेले तीन बुंध्याशी आडवे ठेवून देतो. याला तो 'परत देणं' म्हणतो. मग विळा पाण्यात हलवून त्याने मांडीला पुसला आणि त्याच्याकडे बघत पुटपुटला, "दमलास. झालं आजचं."

"विळ्याशी बोलून झालं असेल तर निघायचं का, दाजी?" काठावरच्या ट्रकमधून इवाओ ओरडला. इवाओ हा तोशिहारूचा मेव्हणा, वय अठ्ठावन्न. ट्रक आणि छोटी पोकलेन तो चालवतो. "वाळूचा डंपर साडेनऊला येतोय. तो काही तुमच्या विळ्यासारखा सोशिक नाही."

"तू पोकलेनशी बोलतोस ते चालतं?"

"मी बोलत नाही, शिव्या देतो. त्यात फरक आहे."

फरक असेलही. पण नव्या वर्षाला याच इवाओने पोकलेनच्या सीटवर तांदळाच्या पिठाच्या दोन वड्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या आणि तीन दिवस सीटवर कोणाला बसू दिलं नव्हतं. आधीची पोकलेन विकली तेव्हा तिच्या पट्ट्यांवर त्याने अर्धी बाटली साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतली. नवा मालक बघत होता, म्हणून साफसफाईचं कारण सांगितलं.

होरिई या आडनावाचा अर्थ खणलेली विहीर. तीन पिढ्या नाव आणि धंदा एकमेकांना धरून होते. तोशिहारूच्या वडिलांनी, गेन्साकूंनी, या काठावर एकशे चाळीस विहिरी हाताने खणल्या. मग घरोघर नळ आले आणि काम उलटं फिरलं. तोशिहारू आता सहासष्ट वर्षांचा आहे. त्याने आयुष्यात अकरा विहिरी खणल्या आणि चारशे सहा बुजवल्या. वडिलांच्या एकशे चाळीसपैकी एकशे एकोणचाळीस गेल्या, त्यातल्या बहुतेक याच्याच हातून. याचं काही वाटतं का, असं कोणी विचारलं तर तो म्हणतो, न्हाव्याने केसांचं सुतक पाळू नये.

एकशे चाळिसावी विहीर शिमोझु गावात निशिदेंच्या परसात होती. १९६१ साली खणलेली आणि अजून रोज वापरातली. ती आज बुजवायची होती.

विहीर बुजवणं म्हणजे खड्डा भरणं नव्हे, हे तोशिहारू गिऱ्हाइकाला फोनवरच सांगतो. आधी पाणी उपसायचं. मग तळाशी उतरून पन्नास-साठ वर्षांत पडलेलं सगळं वर काढायचं, वाट्या, कंगवे, एकदा तर शाळेची घंटा निघाली होती, आणि ते धुऊन घरच्यांच्या हातात द्यायचं. तळापासून जमिनीच्या वरपर्यंत एक नळी उभी करायची. पूर्वी गाठी फोडलेला बांबू असे, आता प्लास्टिकची असते. ही नळी आत जी कोणी आहे तिला श्वास घ्यायला. तोशिहारू तिला 'आतली' एवढंच म्हणतो. नळी लावली नाही तर काय होतं, असं लोक विचारतात. "ठाऊक नाही," तो सांगतो. "न लावता कधी बुजवलेली नाही."

आणि शेवटी, वाळू पडण्याआधी, दोन वस्तू आत सोडायच्या. एक उमेची फांदी. उमे म्हणजे ऐन थंडीत फुलणारं आंबट फळाचं झाड, आणि बुजवण्यालाही शब्द तोच, उमे. दुसरी वस्तू बोरू. बोरूला जपानीत खरं तर 'आशी' म्हणतात, पण आशी म्हणजे वाईट, म्हणून तोंडाने म्हणायचं 'योशी', म्हणजे चांगलं. 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार. सरोवराकाठी तर आशी हा शब्द कोणी उच्चारतही नाही, पोरांनासुद्धा तो शाळेत गेल्यावर कळतो. घरातलं वडीलधारं माणूस फांदी सोडताना 'उमे' म्हणतं, सून बोरू सोडताना 'योशी' म्हणते. दोन्ही मिळून विहिरीला सांगणं होतं: बुजवायला हरकत नाही. मग वाळू.

सव्वासातला तो घरी पोचला तेव्हा बायकोने, फुसाएने, उमेची फांदी तोडून ओल्या कागदात गुंडाळून ठेवली होती. धंद्याचे फोन तीच घेते.

"निशिदेंच्या कियो आजींचा काल संध्याकाळी पुन्हा फोन आला होता," भात वाढता वाढता ती म्हणाली. "तारीख पुढे ढकला म्हणत होत्या."

"आता काय?"

"दात. दाताच्या डॉक्टरकडे जायचंय म्हणे. पहिल्या फोनला उमे फुलली नव्हती, दुसऱ्याला पंचांगात दिवस वाईट होता. तिसऱ्याला दात."

"त्यांना दात कुठेत?"

"तेच मी विचारणार होते. नाही विचारलं." तिने सूपचा वाडगा पुढे सरकवला. "त्यांना ती बुजवायची नाहीये. आणि मुलाला तसं सांगायचंही नाहीये. तुम्ही काय करणार?"

"बुजवणार. मुलाने काम दिलंय."

"हो, मुलाने दिलंय," फुसाए म्हणाली आणि पुढे काही बोलली नाही. छत्तीस वर्षांच्या संसारात न बोलण्याचे तिने चार-पाच प्रकार तयार केले आहेत. हा त्यातला तिसरा.

आठ वाजून दहा मिनिटांनी ट्रक शिमोझुत शिरला. निशिदेंचं घर दगडी काठाच्या कालव्याला लागून आहे. आत सगळं आवरलेलं होतं आणि दारात अकरा खोकी एकावर एक रचलेली होती. महिनाअखेरीस घर पाडायचं, जागेवर आठ मोटारी उभ्या राहतील असा वाहनतळ करायचा आणि कियोने मुलाकडे, वीस मिनिटांवरच्या मोरियामाला, राहायला जायचं असं ठरलं होतं. घराबद्दल शहाऐंशी वर्षांच्या कियोची काही तक्रार नव्हती. छप्पर गळतं, जिना चढवत नाही, लाकूड ते लाकूडच, असं ती स्वतःच सांगे.

ती विहिरीच्या कठड्याशी उभी होती. "तोशी, बूट धू आधी. चिखल घेऊन विहिरीपाशी यायचं नाही."

दोन्ही गुडघे वाजणाऱ्या माणसाला 'तोशी' म्हणणारी आता ती एकटीच उरली होती. ती लग्न होऊन या घरात आली त्याच वसंतात गेन्साकूंनी ही विहीर खणली, आणि दोन वर्षांचा तोशिहारू आईच्या पाठीला बांधलेला तिने पाहिला होता.

"आजी, आज ती बुजवायचीच आहे."

"म्हणून काय घाणेरड्या पायांनी जायचं तिच्याकडे?"

त्याने बूट धुतले. इवाओनेही, न सांगता, धुतले.

मुलगा नोबुताका आतून आला. वय बासष्ट. रेल्वेच्या वेळापत्रक खात्यातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. वाकून नमस्कार करताना त्याने मनगटावरचं घड्याळ पाहून घेतलं. "उपसा साडेआठला सुरू, वाळू साडेनऊला, बरोबर?"

"बरोबर."

त्याची बायको रित्सुको चहा घेऊन आली. ती टोकियोची. हसतमुख, फार न बोलणारी बाई.

"पी," कियो तोशिहारूला म्हणाली. "तिच्याच पाण्याचा आहे. नळाचा चहा माझ्या हातून मिळायचा नाही कोणाला. तो हिच्याकडे मिळतो."

"आई, माझ्याकडे आलात की दोन-दोन कप पिता तुम्ही," रित्सुको म्हणाली.

"पाहुणी म्हणून पिते. पाहुण्याने नावं ठेवू नयेत."

"परवापासून पाहुण्या नाही राहणार."

"मग परवापासून ठेवीन."

उपसा वेळेवर सुरू झाला. सात मीटर खोल विहीर, त्यात साडेचार मीटर पाणी. पाऊण तासात तळ दिसला आणि तोशिहारू शिडीवरून उतरला. खाली गेन्साकूंची बांधणी साठ वर्षांनंतरही ओळंब्यात होती. दगडांच्या सांध्यांतून पाणी चार ठिकाणी येत होतं, बोटाएवढी धार, स्वच्छ. त्याने नेहमीप्रमाणे तळहात दगडाला लावला आणि 'येतोय, सांभाळून घे' म्हणाला. तळात सापडलं ते असं: एक पत्र्याचा पेला, दोन कपबशा, खेळण्यातली आगगाडी आणि पोहऱ्याचा लोखंडी आकडा. आगगाडी नोबुताकाने हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि खिशात घातली.

साडेनऊला डंपर आला. ड्रायव्हर काच खाली करून विचारू लागला, "किती वेळ?"

"दहा मिनिटं," इवाओ म्हणाला. "त्यांचं घरगुती चाललंय."

तोशिहारूने पाण्याचा पंप बंद केला. कठड्यावर मीठ आणि धुतलेले तांदूळ ठेवले आणि थोडी साके आत ओतली. मग उमेची फांदी कियोच्या हातात दिली आणि बोरू रित्सुकोच्या. कियोने फांदी दोन्ही हातांनी धरली होती. ती बराच वेळ आत बघत राहिली, इतका की नोबुताकाने पुन्हा घड्याळ पाहिलं. मग तिने फांदी सोडली.

"उमे," ती म्हणाली. ऐकू येईल न येईल इतक्या हळू.

रित्सुकोने बोरू कठड्याबाहेर धरले आणि सोडले.

"आशी," ती म्हणाली.

स्पष्ट म्हणाली. डंपरच्या ड्रायव्हरलाही ऐकू गेलं. त्याने इंजिन बंद केलं.

उमे, आशी. बुजवणं वाईट.

"काय म्हणालीस?" नोबुताका म्हणाला.

रित्सुकोने तोंडावर हात धरला होता. कियो कठड्याला टेकली. तोशिहारू तिला धरायला पुढे झाला, पण ती पडत नव्हती. ती विहिरीकडे कान करून उभी होती.

"ऐकलंस ना तोशी?" ती म्हणाली. "आता?"

"आता काही नाही," नोबुताका म्हणाला. "शब्द चुकला तिचा. टोकियोत बोरूला आशीच म्हणतात. आई, शब्दकोशात तेच लिहिलेलं आहे."

"मग शब्दकोशावर टाक वाळू."

"आजी, मी बोलू का?" इवाओने मध्ये तोंड घातलं. "विहीर इथली. जन्मात गाव सोडून गेलेली नाही. तिला टोकियोची बोली कळणार कुठून?"

"स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसून साठ वर्षं टीव्ही ऐकलाय तिने," कियो म्हणाली. "बातम्या कुठल्या बोलीत असतात?"

इवाओने विचार केला. "हे मात्र आहे," तो म्हणाला आणि मागे सरला.

नोबुताका तोशिहारूकडे वळला. आवाज त्याने सभ्य ठेवला होता. "होरिईसान, यातलं तुम्हाला कळतं. पुन्हा म्हटलं तर चालेल ना? रित्सुको, म्हण बरं, योशी."

रित्सुको जमिनीकडे बघत होती.

चारशे सहा विहिरींत हे एकदाही घडलं नव्हतं. 'चालेल' एवढं म्हटलं असतं तर काम दुपारपर्यंत संपलं असतं. मुलगा खूश, डंपर मोकळा, आणि म्हातारीने वाकून आभारच मानले असते. पण पुन्हा म्हणून चालत असेल तर चारशे सहा वेळा लोकांना थंडीवाऱ्यात उभं करून ते म्हणायला लावलं कशाला? वडिलांचा एक नियम होता. विहिरीपाशी चुकीचा शब्द पडला तर त्या दिवशी फावडं उचलायचं नाही. नियम ऐकून माहीत होता, वापरायची वेळ कधी आली नव्हती.

"आज नाही," तोशिहारू म्हणाला. "उद्या सकाळी. नवी फांदी, नवा बोरू."

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. बाबा करायचे."

"आणि वाळू?"

"वाळू थांबते. वाळूचं काही नसतं." त्याने इवाओला खूण केली. पुढची पाच मिनिटं इवाओ आणि डंपरचा ड्रायव्हर यांच्यात जे बोलणं झालं ते छापण्याजोगं नाही. ड्रायव्हर बायकोला दुपारी मोकळा आहे असं सांगून आला होता. डंपर वाळूसकट परत गेला.

म्हणजे विहिरीला एक दिवस मिळाला होता, जास्त काही नाही. उद्या साडेआठला रित्सुकोने 'योशी' म्हटलं की वाळू पडणारच होती. हे कियोलाही कळत होतं. ती ओट्यावर जाऊन बसली आणि खोक्यांकडे बघत राहिली.

रिकाम्या हाताने बसणं तोशिहारूला जमत नाही. उद्याची तयारी म्हणून त्याने श्वासाच्या नळीचं माप घ्यायचं ठरवलं. नळीचं तोंड डांबराच्या वर हातभर राहतं, त्यावर मोटारीचं चाक गेलं तर ती चेपते आणि सगळी मेहनत फुकट जाते. तेव्हा तोंड दोन गाड्यांच्या मधल्या पट्ट्यात यायला हवं. "गाड्या कुठे उभ्या राहणार त्याचा नकाशा आहे का?" त्याने नोबुताकाला विचारलं. एरवी हे माप इवाओ आधीच येऊन घेतो. या वेळी नोबुताकाने नकाशा पत्राने पाठवला होता आणि इवाओने त्यावरूनच नळीची जागा ठरवली होती.

नोबुताकाने नकाशा आणून कठड्यावर पसरला. आठ चौकोन, प्रत्येकावर आकडा. चौथ्या चौकोनाच्या बरोबर मधोमध एक वर्तुळ, त्यात अक्षर: विहीर.

तोशिहारूने कालव्याच्या भिंतीपासून टेप धरला. मग रस्त्यापासून. मग पुन्हा भिंतीपासून. तो टेप दोनदा ताणतो, पण तिसऱ्यांदा कधी नाही. आज तिसऱ्यांदा ताणला.

"ही विहीर नकाशात नाही," तो म्हणाला.

"हे काय मग?" नोबुताकाने वर्तुळावर बोट ठेवलं.

"ते इथे येतं." तोशिहारू पाच मीटर चालत घराच्या मागच्या पडवीशी गेला आणि पायाने फरशी ठोकली. "इथे. या फरशीखाली."

"ती जुनी," ओट्यावरून कियो म्हणाली. "मी यायच्या आधी सासऱ्यांनी बुजवली. आटली होती. सरकारी कागदात तीच राहिली असणार. हिची नोंद करायला कोणी गेलंच नाही, सासरे म्हणाले होते, पाणी लागलं हे आपल्याला कळलं तेवढं पुरे."

"आई, हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू नकाशा मला कधी दाखवला नाहीस."

तोशिहारूने खडूने जमिनीवर चौकोन आखायला घेतले. विहीर होती कालव्याच्या बाजूच्या कोपऱ्यात, जिथे भिंत वाकडी वळते. पहिला चौकोन आखून झाला तेव्हा त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये एक तिरका तुकडा उरला. रुंद टोकाला दोन मीटर तीस. विहीर त्या तुकड्यात बसली होती. तिथे मोटार तर सोडाच, मोटारसायकलसुद्धा वळवता आली नसती.

नोबुताका खडूच्या रेघा ओलांडत दोनदा फिरला. आयुष्यभर त्याने गाड्या एकमेकींना न लागता कशा जातील याचे कागद तयार केले होते. रेघ चुकली की त्याला ते लांबूनच कळतं.

"म्हणजे ती बुजवली काय, न बुजवली काय," तो सावकाश म्हणाला, "गाड्या आठच."

"आठच."

"पण उघडी विहीर. एखादं मूल पडलं तर? जबाबदारी आमचीच ना?"

"काँक्रीटचं झाकण. वर हातपंप. झाकणाला कुलूप. मोठा भूकंप झाला आणि नळ बंद पडले तर सगळी गल्ली तुमच्या दारात बादल्या घेऊन उभी राहील." तोशिहारूने टेप गुंडाळला. "करा असं मी म्हणत नाही. माप सांगतोय."

गेल्या तीन महिन्यांत कियोने दात, पंचांग आणि उमेचं झाड पुढे केलं होतं, 'नको' एवढं मात्र म्हटलं नव्हतं. ते ती आताही म्हणाली नाही. फक्त मुलाकडे बघत होती.

नोबुताकाने विचारलं, "होरिईसान, खरं सांगा. आत कोणी असतं, असं तुम्हाला वाटतं?"

"ठाऊक नाही. चारशे सहा वेळा आत उतरलो, भेटलं कोणी नाही." तोशिहारूने थोडा विचार केला. "पण मी ज्यांच्या घरी जातो त्यातले निम्मे लोक मला घरीच भेटत नाहीत. म्हणून घर रिकामं, असं नाही म्हणता येत."

इवाओ हसला. नोबुताकाही हसला असावा, कारण त्याने नाक पुसलं.

"पंप बसवायला किती दिवस?"

"एक. झाकण वाळायला चार."

"आई," नोबुताका म्हणाला, "घर जाईल. ते आता बदलत नाही. पण ही राहू दे, चालेल?"

"मला काय विचारतोस?" कियो विहिरीकडे हात करून उठली. "शब्द तिने दिलाय." ती आत गेली आणि थोड्या वेळाने भांडी आपटल्याचा आवाज आला. जेवणाची भांडी खोक्यात भरलेली होती, ती ती परत बाहेर काढत होती.

दुपारी रित्सुको ट्रकपाशी भाताचे मुठीएवढे गोळे आणि मुळ्याचं लोणचं घेऊन आली. इवाओ पोकलेन पुन्हा ट्रकवर चढवण्यात गुंतला होता. ताट तोशिहारूच्या हातात देताना ती म्हणाली, "सकाळी तुमचा खोळंबा केला. माफ करा."

"शब्द चुकतो कोणाचाही."

"हो." ती तिथेच उभी राहिली. "लग्न होऊन चौतीस वर्षं झाली मला, होरिईसान. मोरियामालाही बोरूला योशीच म्हणतात. बाजारात, शेजारी, सगळीकडे."

तोशिहारूने हातातला गोळा खाली ठेवला.

"त्या माझ्याशी भांडतात, पण मुलाला कधी नाही म्हणत नाहीत," रित्सुको म्हणाली. "आणि मी नको म्हटलं असतं तर तो म्हणाला असता, तुला काय कळतं, तू टोकियोची. म्हटलं, टोकियोचीच राहू एक दिवस."

"आजींना हे ठाऊक आहे?"

"त्यांना वाटतं विहीर बोलली. वाटू दे. विहिरीचं त्या ऐकतात, माझं कुठे ऐकतात?" तिने वाकून नमस्कार केला आणि रिकामी किटली घेऊन गेली.

तोशिहारू लोणचं चावत बसला. फसवणूक झाली असं त्याला वाटलं नाही. शब्द मुद्दाम पडला की चुकून, ते आतलीने बघावं. त्याचं काम फावडं खाली ठेवण्याचं होतं आणि ते त्याने वेळेवर केलं होतं. इवाओला यातलं काही सांगायचं नाही एवढं मात्र त्याने ठरवलं. इवाओला सांगणं म्हणजे डंपरवाल्यालाही सांगणं, आणि मग सगळ्या काठाला.

एकला वीस मिनिटं कमी असताना त्याने विहिरीत डोकावून पाहिलं. पाणी मूळच्या पातळीला आलं होतं आणि त्यावर उमेची फांदी आणि दोन बोरू तरंगत होते. फांदीची फुलं शाबूत होती. कियोने पोहरा सोडला आणि तिन्ही वर काढली. बोरू तिने तोशिहारूला दिले. फांदी आतून बरणी आणून तिच्यात ठेवली आणि बरणी सगळ्यात वरच्या खोक्यावर, हाताशी राहील अशी.

"पंपाचा दट्ट्या चामड्याचा घाल," ती म्हणाली. "प्लास्टिकचा नको. तिला आवाज आवडत नाही त्याचा."

"चामड्याचा मिळत नाही आता, आजी."

"गेन्साकू बूट कापून करायचा. तू त्याचाच मुलगा ना?"

"बघतो."

"बघतो काय? घाल."

"घालतो."

संध्याकाळी फुसाएने वहीत निशिदेंच्या नावापुढचं 'बुजवणे' खोडून 'पंप' लिहिलं. अकरा वर्षांनी हा शब्द त्या वहीत येत होता आणि त्यातलं एक चित्राक्षर ती विसरली होती. तिने ते तोशिहारूला विचारलं, त्याने इवाओला. शेवटी शब्दकोश काढावा लागला.

पाणी पुढे वापरायचं तर त्याची तपासणी हवी. जिल्ह्याची प्रयोगशाळा विहिरीच्या पाण्याचे नमुने फक्त गुरुवारी घेते, सकाळी नऊ ते अकरा, आणि नमुना त्याच दिवशी भरलेला असावा लागतो. उद्या गुरुवार आहे, तेव्हा साडेआठला निशिदेंकडे जायचंच आहे, फावड्याऐवजी बाटली घेऊन.